चाळीस सेकंद, स्वच्छ

२ तारीख, सोमवार

आले एकदाची! दोन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि कुरकुरणारा डावा गुडघा एवढं सामान घेऊन तलावाची राखणदार म्हणून आज रुजू झाले. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, त्याचं हे बक्षीस. बांधाच्या टोकावर दोन खोल्या, खिडकीत तलाव, धक्क्याला अकरा नावा. तलाव खासगी आहे. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी ओढ्यावर मातीचा बांध घालून तो केला आणि आता क्लबाचे सभासद सुट्टीला येऊन वल्ही मारतात.

खरा आनंद वेगळाच आहे. बांधाच्या खाली, हाकेच्या अंतरावर माझ्या धाकट्या बहिणीचं घर आहे. ही नोकरी तिनेच शोधून दिली. मागच्या खिडकीतून तिची दोरीवरची धुणी दिसतात.

आधीचे राखणदार, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, किल्ल्या देऊन लगबगीने गेले. चहाही अर्धा टाकला. नवी पेन्सिल मात्र आठवणीने माझ्या हातात दिली.

३ तारीख, मंगळवार

काम सोपं आहे. सकाळी बासष्ट पायऱ्या उतरून बांधाच्या पायथ्याशी जायचं. तिथल्या पाइपातून बांधात मुरलेलं पाणी बाहेर येतं. मातीचा बांध थोडा पाझरतोच, असं क्लबाचे इंजिनिअर म्हणाले. किती पाझरतो ते रोज बघायचं. पाइपाखाली बादली धरायची, घड्याळ लावायचं, भरायला किती सेकंद लागले आणि पाणी कसं होतं ते नोंदवहीत लिहायचं. सेकंद कमी होत चालले किंवा पाणी गढूळ आलं, तर पाणी आतली माती खातंय असं समजायचं आणि तात्काळ कळवायचं.

आज चाळीस सेकंद, स्वच्छ. मास्तरांची मागची पानं चाळली. तीन वर्षं रोज चाळीस सेकंद, स्वच्छ. बांध आहे की सरकारी घड्याळ!

५ तारीख, गुरुवार

धाकटीकडे जेवायला. तिच्या परसात कोपऱ्यातली जमीन आपोआप ओली राहते आणि फुलझाडांना पाणी घालावं लागत नाही, म्हणून स्वारी खूश. तिच्या दोन लेकींपैकी थोरलीने विचारलं, की मावशी, बांध फुटला तर? आईने तिला दटावलं. मग हळूच मला म्हणाली, की एवढी वर्षं तिलाही धाकधूक वाटायची, आता ताई वर आहे म्हटल्यावर शांत झोप लागते. रोज बघतेस ना, असं विचारलं. मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून बघते.

तेव्हा ते खरं होतं. (ही ओळ नंतर घातली.)

८ तारीख, रविवार

बावीस तारखेला नावांच्या शर्यती आहेत. पाणी काठोकाठ दिसलं पाहिजे, म्हणून मालकीणबाईंनी सांडव्यात, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेत, फळ्या ठोकून घेतल्या. तलाव खरंच साजरा दिसतोय. पायऱ्या चढताना माझा गुडघा मात्र बोंबलला.

९ तारीख, सोमवार

गुडघा टम्म. खुर्चीत बसूनच आजची नोंद केली. रोज चाळीसच येतं, तर बासष्ट पायऱ्या कशाला? मग हात चालताच होता म्हणून उद्याचीही केली. परवाचीही. महिनाअखेरपर्यंत सगळ्या ओळी भरून टाकल्या. चाळीस, स्वच्छ. चाळीस, स्वच्छ.

प्रयोग न करता आकडे लिहिणारी मुलं मी वासावरून पकडायची. कान धरून उभी करायची. आज स्वतःचंच हसू आलं.

११ तारीख, बुधवार

आजच्या ओळीत अडतीस लिहिलंय. अक्षर माझंच. लिहिता लिहिता डुलकी लागली असेल. खोडून चाळीस केलं.

१२ तारीख, गुरुवार

कालच्या ओळीत पुन्हा अडतीस. आजच्या ओळीत पस्तीस. मास्तरांची पेन्सिल चुलीत टाकली. त्याने काय होणार होतं कोण जाणे.

१४ तारीख, शनिवार

वहीत एकतीस.

काठी टेकत खाली गेले. बादली लावली, घड्याळ लावलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकतीस. मी खोटं लिहिलं आणि वही स्वतःच खरं करून ठेवतेय.

आजच सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर हे पाच दिवस मी कुठे होते तेही सांगावं लागेल. उद्या सांगेन.

१५ तारीख, रविवार

सत्तावीस. सांगितलं नाही. क्लबात गर्दी होती. खोटं कशाला लिहू, गर्दी आडवी आली नव्हती. मीच आडवी आले.

१७ तारीख, मंगळवार

बावीस. आज गेले मालकीणबाईंकडे, वही घेऊन. पाणी जोरात येतंय म्हटलं. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं आणि विचारलं, की यात तर रोज चाळीस आहे, स्वच्छ आहे, मग घाबरायचं कशाला? मी त्याच ओळीकडे बघत होते. मला बावीस दिसत होतं. त्यांनी आजच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, की हे चाळीस कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. कधी? खालच्या, पुढच्या तारखांच्या ओळींवर मी तळहात दाबून धरला होता.

त्यांनी इंजिनिअरांना फोन लावून आकडे वाचून दाखवले. ते बाहेरगावी आहेत. आकडे उत्तम आहेत, सोमवारी सवडीने येतो म्हणाले. मालकीणबाईंनी मला प्रेमाने चहा पाजला. नव्या जागी मन बावरतं, असं म्हणाल्या.

हात उचलला असता तर सगळं उघड झालं असतं. एवढंच करायचं होतं. हात उचलायचा.

१८ तारीख, बुधवार

बसने शहरात गेले. मास्तर लेकीकडे राहतात. दार त्यांनीच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, की किती झालं?

अठरा, म्हटलं. त्यांनी कबूल केलं. तीन वर्षं तेही खाली गेले नव्हते. खुर्चीत बसून चाळीस लिहीत होते. मग एका सकाळी वहीत एकोणचाळीस दिसलं आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मला का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाले, तुम्ही शाळेतल्या बाई, तुम्ही मोजाल असं वाटलं.

लेकीने आतून विचारलं, कोण आलंय? ते म्हणाले, कोणी नाही.

१९ तारीख, गुरुवार

चौदा. सांडव्याच्या दोन फळ्या पहारीने उचकटल्या. दुपारी सुतार येऊन पुन्हा ठोकून गेला. मालकीणबाईंचा निरोप आला, की शर्यती होईपर्यंत कशाला हात लावू नका.

बांधावर कान टेकला. आत कोणीतरी मोजतंय. माझ्याच आवाजात.

२० तारीख, शुक्रवार

अकरा. गढूळ. वहीत गढूळ. बादलीतही — तळाशी बोटभर माती.

धाकटीकडे धावले. म्हटलं, मुलींना घेऊन आजच्या आज निघ, कुठेही जा. ती घाबरली. हातातलं भांडं ठेवलं. मग माझे दोन्ही हात धरून एकच विचारलं, की ताई, तू रोज मोजतेस ना?

नाही म्हणायचं होतं. एवढा एक शब्द.

मी हो म्हटलं.

तिचा चेहरा निवळला. मग काय झालं, म्हणाली. उगीच घाबरवतेस. चहा ठेवला. धाकटी भाची माझ्या मांडीवर बसली होती. तिच्या केसांना शॅम्पूचा वास — मी चहा प्यायले. पूर्ण प्यायले.

२१ तारीख, शनिवार

सात. गढूळ. झोप नाही. डोळे मिटले की आकडे — तिला फोन करते, ती हसते — म्हणते, उद्या शर्यती बघायला वर येऊ. वर या, लवकर या, म्हटलं. धुणं आटोपून येऊ, म्हणाली.

सांगितलं नाही. अजूनही —

२२ तारीख, रविवार. सकाळ.

आजची ओळ कोरी आहे. पुढच्याही सगळ्या कोऱ्या.

म्हणजे आज मलाच मोजावं लागणार. निघाले. ही रोजनिशी पिशवीत.

खाली

पंचावन्नाव्या पायरीवर गुडघा गेला. घसरत खाली आले. उठता येत नाही. फोन खोलीत. वर लाउडस्पीकर, बँड — हाका मारल्या, मलाच ऐकू येत नाहीत.

पाइप नाही. पाइप होता तिथे भोक. माझ्याएवढं. पाणी चहाच्या रंगाचं. बादली कधीच वाहून —

धाकटी दिसतेय. परसात. धुणं वाळत घालतेय. मुली झोपाळ्यावर.

तिने मला पाहिलं!

दोन्ही हात हलवले. पळा — पळा — जीव तोडून हलवले.

ती हसली. तिनेही हात हलवला. मुलींना बोट करून दाखवतेय. बघा, मावशी मोजतेय —

पुन्हा धुण्याकडे वळली.

आत मोजणारा आवाज आता मोठा. सदतीस. अडतीस.

धाकटे, मी मोजत नव्हते. नऊ तारखेपासून. शुक्रवारी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. तुझ्या तोंडावर. मला लाज वाटली म्हणून — फक्त लाज वाटली म्हणून मी तुम्हा तिघीं—