दोन्ही कानांचा हेडसेट

२ सप्टेंबर २००७, रविवार
आजपासून रोजनिशी. इंग्रजीत लिहायचा विचार होता, कोणी वाचू नये म्हणून. पण माझं मराठी अक्षरही घरात कोणाला लागत नाही, तेव्हा मराठीच.

कारण मोठं आहे. इंटरनेटवर एक आकाश आहे. त्यात माणसं आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर विमानं उडवतात, आणि दुसरी माणसं आपापल्या घरी बसून त्यांना रेडिओवर सांगतात, आता उतरा, आता थांबा. विमानं खोटी, शिस्त खरी. लेकीने, दीपाने, पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला, त्यासोबत ही सीडी आली. सीडी तिच्या ऑफिसातल्या पूनमसिंग राठोड नावाच्या मुलाची. मी आधी विमान उडवून पाहिलं. ते वर्धा नदीत गेलं. उडवणं हे आपलं काम नव्हे. मी नियंत्रक होणार.

यवतमाळच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे माइकवर माझी सगळी नोकरी झाली. घाटंजी असो, दारव्हा असो, माझ्या आवाजाशिवाय गाडी फलाटावरून हलली नाही. हे म्हणाले, तू रजेवर असली तरी सुटतच होत्या. यांना कौतुक करता येत नाही.

८ सप्टेंबर
पहिला दिवस. सराव म्हणून नागपूरचा टॉवर उघडला. या रेडिओची एक गंमत आहे. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबून ठेवलं तर बाकी सगळ्यांची तोंडं बंद.

स्टँडवरच्या पद्धतीनेच सुरुवात केली. माइकवर एक लांब फुंकर, बोटाने दोन टिचक्या, कृपया लक्ष द्यावे, मग सूचना, मग तीच सूचना पुन्हा. पहिल्यांदा सांगितलेलं कोणालाच कळत नसतं, हा अनुभव आहे. कोणीतरी कोचीहून विचारलं, तुमच्याकडे वादळ आहे का. म्हणजे हेडसेट खराब. फुंकर सहन न करणारा माइक कसला.

चांगला हेडसेट घ्यायचा. निश्चय.

१६ सप्टेंबर
दीपाचा फोन. म्हणाली, आई, पूनमसिंगबद्दल तुला काही सांगायचं आहे. मी म्हटलं, बरी आठवण केलीस, त्याला विचार, माइकला फोमचं कव्हर मिळतं का. ती म्हणाली, अगं तसं नाही. मी म्हटलं, मग वेगळं फोम असेल. तिने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

थोड्या वेळाने पूनमसिंगचाच फोन. मुलगा नम्र आहे. काकू काकू म्हणत फोमच्या जाडीवर बराच वेळ बोलला. आजकाल असं कोण सांगतं.

४ ऑक्टोबर
कापसाच्या चौकशीला आणखी एक कमिटी आली. गावातली सगळी लॉजेस दिल्लीच्या माणसांनी भरली आहेत. हेलिकॉप्टर झरी जामणीकडून आलं. मी गच्चीवर होते. मनातल्या मनात त्याला डावीकडून यायला सांगितलं आणि उतरायची परवानगी दिली. उतरलं.

शेजारची बबिता कपडे वाळत घालत होती. म्हणाली, काकू, कोणाले हात दाखवून राह्यल्या? मी म्हटलं, काम चालू आहे.

२२ ऑक्टोबर
काल दीक्षाभूमी. गर्दीत यांचा हात सुटला नाही, हेच पुष्कळ. येताना सीताबर्डीत हेडसेट पाहिले. दुकानदाराने डोक्यावर एकेक चढवला. अंबाड्यामुळे पट्टी बसत नाही, चष्म्याच्या काड्या कानाला टोचतात. हे बाहेर चपला सांभाळत उभे. म्हणाले, वेणी घाल अन् मोकळी हो.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा दोन वेण्यांशिवाय वर्गात घेत नसत. लाल रिबिनी, कडक कॉलर, आणि चॅपलच्या भिंतीवरून परत येणारा माझा आवाज. सिस्टर म्हणायच्या, शीला, युवर व्हॉइस विल गो प्लेसेस. घाटंजी, दारव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नसणार. पण नागपूर टॉवर असू शकतो.

शेवटी दोन सापडले. एक एका कानाचा, एक दोन्ही कानांचा. निर्णय राखून ठेवला.

२४ ऑक्टोबर
पूनमसिंगला विचारलं. म्हणाला, काकू, एका कानाचाच घ्या. एक कान घराकडे मोकळा राहील, दारावर कोणी आलं तर कळेल. समजूतदार मुलगा, पण वय लहान. एकाग्रता म्हणजे काय हे त्याला कुठून कळणार. दोन्ही कानांचा मागवला. गाद्या इतक्या जाड की घातला की घर नाहीसं होतं.

वेणी घालायला लागले. आरशात क्षणभर दहावीतली मी. हे म्हणाले, माय दिसून राह्यली तुही. म्हणजे माझ्या आईसारखी. कौतुक समजून सोडून दिलं.

१ नोव्हेंबर
बटणाचा प्रश्न. कीबोर्डवरची कळ मला सापडत नाही. ती दाबायला खाली पाहिलं की वर विमान पुढे गेलेलं असतं. हाताला जाणवेल असं, ठक्क वाजणारं बटण हवं. रेडिओ दुरुस्तीवाला हरिसिंग आला. त्याने जुन्या माउसचं पोट फाडलं आणि म्हणाला, बाई, तारा देतो जोडून, पण बटण तुमचं आणा. बाजारातली सगळी बटणं पिचपिचीत.

मग नजर दारावरच्या बेलवर गेली. पांढरं, गोल, घर बांधलं तेव्हाचं. ते काढून टेबलाच्या कडेला बसवलं. अप्रतिम. हरिसिंगने विचारलं, अन् दारावर पाहुणा आला तर? मी म्हटलं, कडी आहे की.

११ नोव्हेंबर
आज एक किरकोळ गैरसोय. पाकाचे हात लागले आणि बटण दाबलेलंच अडकलं. मला कल्पना नाही. एवढ्यात हे जिनिंगवरून आले. हे कापूस खरेदीवर ग्रेडर होते, रिटायर झाले तरी रोज तिथे जाऊन दुसऱ्यांचा कापूस चिमटीत धरून बसतात. आल्या आल्या म्हणाले, लोकं ओला माल आणून राह्यले, भाव काय डोंबल्याचा भेटन. मग म्हणाले, मही बनियन कुठी गेली वं, दोन दिवसांपासून धुंडून राह्यलो.

हे सगळं आकाशात गेलं. हैदराबादवरच्या एका विमानाने लिहून विचारलं, मॅडम, बनियन मिळाली का.

निष्कर्ष: हेडसेट निर्दोष, माणसं सदोष. यापुढे ड्यूटीवर असताना दार आतून बंद, टेलिफोनचा रिसिव्हर काढून बाजूला.

२३ नोव्हेंबर
ठरलं. नऊ डिसेंबरला रविवारी मोठा मेळावा. सगळीकडून विमानं नागपूरला उतरणार आणि टॉवरवर मी. परीक्षक ऐकत बसणार. पास झाले तर टॉवर कायमचा माझा.

दीपाचा फोन. मी मेळाव्याचं सांगत होते, ती मध्येच म्हणाली, आई, नऊ तारखेला आम्ही येतोय. पूनमसिंग आणि मी, आणि त्याची आई. मी म्हटलं, या, रनवे मोकळा ठेवते. ती म्हणाली, आई, एक मिनिट माझं ऐक. मी म्हटलं, त्या दिवशी सगळ्यांचंच ऐकणार आहे, ड्यूटीच ती.

त्याच्या आईलाही विमानाचं वेड दिसतं. धनीबाई नाव. बोरी अरबजवळच्या तांड्यावर राहतात म्हणे. या वयात कौतुकच आहे.

३० नोव्हेंबर
बबिता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, काकू, धनीबाई माह्या माहेराकडच्या. माणसं लई चांगली. पोराले सिगरेट नाही, काही नाही. तुमच्या मनात काय आहे? मी म्हटलं, माझ्या मनात फक्त नऊ तारीख आहे. ती खूश झाली. म्हणाली, दीपाताई उगाच घाबरून राह्यल्या, का आई नाही म्हणन म्हणून.

दीपा उतरताना घाबरते हे मला माहीत नव्हतं. तिला अलगद उतरवायचं.

९ डिसेंबर, सकाळी
वेणी घातली. हे नवा शर्ट घालून तयार. म्हणाले, आज दीपा येणार हाये, ध्यानात हाये ना? मी म्हटलं, ध्यानात आहे म्हणूनच बसते आहे. म्हणाले, मी त्याह्यले आणाले स्टँडवर जातो, तू पोहे भिजवून ठेव. यांच्या डोक्यात अजून स्टँडच आहे. दार लावलं, रिसिव्हर काढला, हेडसेट चढवला.

साडेअकरा
सात विमानं आभाळात. फुंकर, टिचकी, सूचना, पुन्हा सूचना. परीक्षक म्हणाले, मॅडम, एकदाच सांगा. एकदाच सांगा असं मी त्यांना दोनदा सांगायला लावलं, म्हणजे माझं म्हणणं सिद्ध झालं.

बारा
पुण्याचं विमान अजून नाही. बोलावते आहे. पुण्याहून येणारं विमान, आपण कुठे आहात. उत्तर नाही. खोटं विमान, पण आत पोर माझी आहे.

साडेबारा
हे खिडकीशी. काचेतून हातवारे. आधी एका बाजूला बोट, मग दुसऱ्या बाजूला, मग दोन्ही हात जोडले. चहाचं असणार. मी अंगठा दाखवला. पुन्हा विचारलं. दोन्ही अंगठे दाखवले आणि पुढे जा म्हणून हात केला. यांच्या पाठीमागे बरीच माणसं होती. कमिटी असेल.

पावणेदोन
पुण्याचं विमान आलंच नाही. इंधन संपलं असेल का. घसा बसला. सही करून उतरते.

१० डिसेंबर
काल दीपा आली होती. गाडीने.

दार उघडलं तर बबिताच्या ओट्यावर सगळे बसलेले. हे, दीपा, पूनमसिंग, आणि चांदीचे दागिने घातलेल्या धनीबाई. सगळ्यांच्या हातात गूळ. मी पूनमसिंगला विचारलं, विमान का नाही आणलं. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, काकू, उतरलो ना आता.

बबिता सांगत होती, बेल शोधली तर दारावर नुसत्या तारा. कडी वाजवली, फोन लावला. दीपा खिडकीशी येऊन म्हणत होती, आई, मी इथे आहे. काकू, तुम्ही आतून विचारून राह्यल्या, पुण्याचं विमान कुठी हाये, अन् पुण्याची पोरगी इकडं काचेले नाक लावून. धनीबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

मग यांनी काचेतून विचारलं. आधी दीपाकडे बोट, मग मुलाकडे, मग हात जोडले. आणि मी दोन्ही अंगठे दाखवले. लगेच बबिताकडे गूळ वाटून सोयरीक पक्की.

दीपाचे डोळे लाल. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही, तू हो म्हणालीस. जूनपासून सांगायला बघत होते. मग गळ्यात पडली. वेणीवर डोकं ठेवून लहानपणीसारखी. धनीबाईंनी माझा वाटा कागदात बांधून ठेवला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. झटकून खाल्ला.

मला सगळं आधीपासून ठाऊक होतं. फक्त शब्दांत सांगितलं नव्हतं. पूनमसिंग मला पहिल्या फोमपासून पसंत आहे.

१६ डिसेंबर
परीक्षकांचा मेल. मॅडमचा उत्साह थोर. पुढचे सहा महिने निरीक्षक म्हणून यावे, म्हणजे फक्त ऐकावे, बोलू नये. बहुधा वरची पायरी असावी. हरिसिंगने बेल परत दारावर लावली. सकाळपासून हे तीनदा वाजवून आत आले.

संध्याकाळी दीपाचा फोन. ठरवलं होतं, बटण सोडून बसल्यासारखं बसायचं. ती बोलत गेली. लग्न वैशाखात. धनीबाई तिला आरशाच्या कामाची ओढणी शिवताहेत. आणि इतके महिने ती फोन लावायची तेव्हा हाताला घाम यायचा. मी एक शब्द बोलले नाही. डोळ्यांतलं गालावर आलं, ते पुसायलाही हलले नाही. इतकं नीट मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नसेल.

मग ती थांबली. म्हणाली, आई? हॅलो? आहेस ना? मी ऐकत होते. पुन्हा हॅलो हॅलो म्हणून तिने फोन ठेवला आणि बबिताकडे निरोप दिला, आईची लाइन बंद पडली आहे, तक्रार करा.

उद्याच रिसिव्हर बदलून मागायचा. त्यातून माझं ऐकणं पलीकडे पोचत नाही.