सहाव्या दालनातली पाठमोरी

सोमवार, ३ तारीख

नोकरी लागली! चित्रसंग्रहालयात, सहाव्या दालनाचा राखणदार. ताईने शर्टाला दोनदा इस्त्री केली. भाऊजी म्हणाले, आता घरात साहेबांशी जपून बोलायला हवं.

मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. पण आई गेल्यावर ताई रोज शुद्धलेखन घालायची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सहसा चुकत नाही. ते इथे कामी आलं. दालनात एकच चित्र आहे. रोज दार उघडण्याआधी त्याच्यासमोर वीस मिनिटं उभं राहायचं आणि दिसेल ते नोंदवहीत लिहायचं. कालचं बघून उतरवायचं नाही. रंग उडाला, तडा वाढला, तर तो असाच कळतो.

हे शिकवलं चित्रांची डागडुजी करणाऱ्या काकांनी. त्यांच्या गळ्यात कायम भिंग असतं, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. त्यांचा नियम एकच : डोळ्यांनी बघायचं, डोक्याने नाही. 'वाटतं', 'असावं' वहीत दिसलं तर कान धरीन म्हणाले.

पहिली नोंद : एक खोली. स्टुलावर पाठमोरी बाई, करडी शाल, अंबाडा. टेबलावर पेटलेला दिवा. खिडकीत अंधार. डावीकडे दार, बोटभर उघडं. काका म्हणाले, वाण्याच्या यादीसारखं लिहितोस, शाब्बास.

शुक्रवार, ७

काल एक आजोबा काठी टेकत आले. बराच वेळ चित्र बघून त्यांनी मला विचारलं, ही बसून करते काय? मी म्हणालो, कुणाची तरी वाट बघते. ते म्हणाले, वा, तुम्हाला चित्र कळतं. मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. रात्री जेवताना ताईला दोनदा सांगितलं.

आज नोंदीच्या शेवटी तेच लिहिलं : ती कुणाची तरी वाट बघत असावी. एकच ओळ. अक्षर छान आलं.

शनिवार, ८

दार चार बोटं उघडं आहे.

हात लांब करून पेन्सिलीने तीनदा मापलं. भिंगकाका आले, भिंग लावून बसले. रंग जुनाच आहे म्हणाले, दाराच्या कडेवरून जाणारा तडासुद्धा सलग आहे, कुणी हात लावलेला नाही. मग त्यांनी वही वाचली. कान धरला नाही. खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

त्यांच्या कपाटात या चित्राचा जुना फोटो आहे. त्यात खिडकीत ऊन आहे आणि टेबलावर दिवा नाही. माझ्या आधीच्या राखणदाराने एकदा लिहिलं होतं, संध्याकाळ झाली असावी. काका इतकी वर्षं फोटोलाच दोष देत होते. मी म्हणालो, पान फाडून टाकू. ते म्हणाले, 'असावी' दिसलं म्हणून मी तेव्हाही फाडलं होतं. दिवा विझला नाही.

सोमवार, १०

काकांना न विचारता मी दुरुस्ती केली. नोंद उघडून लिहिलं : ती कुणाचीही वाट बघत नाही. वाटलं, दार मिटेल.

दुपारी दार सताड उघडं होतं, आणि फरशीवर, दाराच्या आत, एक सावली. कुणी आलं असेल तर वाट कशाला बघायची. हे मला लिहिण्याआधी सुचायला हवं होतं.

मंगळवार, ११

आज फक्त दिसेल ते. शपथ घेऊन लिहिलं. सावली पुढे आली आहे. शाल करडी. बाईची मान उजवीकडे कललेली, इस्त्री करताना ताईची असते तशी.

'वाटतं' नाही, 'असावं' नाही. मला ती साधी उपमा वाटली.

घरी आलो तर ताई इस्त्रीच्या टेबलापाशी, पाठमोरी. पाठ अवघडली आहे म्हणाली. ताट मागे हात करून दिलं.

बुधवार, १२

ताई वळत नाही. भाऊजी हसून म्हणाले, कालपासून पाठ दाखवूनच बोलते आहे, माझ्यावर रुसली असेल, तूच समजूत काढ. मी टेबलाच्या पलीकडे गेलो. पलीकडेही तिची पाठच होती. भाऊजींनी ते पाहिलं. आता ते हसत नाहीत.

त्यांच्या लग्नाचा फोटो कपाटातून काढून बघितला. भाऊजी समोर बघताहेत. शेजारी अंबाडा.

ताईने विचारलं, तुम्ही दोघं गप्प का? आवाज तिचाच.

गुरुवार, १३

आज काहीच लिहायचं नाही, असं काकांनी बजावलं. दालन बंद ठेवा म्हणून वर सांगायला गेले. वर त्यांना सुट्टी घ्या म्हणाले.

न लिहूनही ती वळते आहे. सकाळी कान दिसला. दोन वाजता गालाची कड. काकांनी भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं. म्हणाले, चेहरा कुणी कधी लिहिलेलाच नाही रे. तिथे नुसतं कापड आहे. ती पूर्ण वळली की तुझ्या ताईलाही —



शुक्रवार, १४, सकाळ

एकच उपाय. ती वळायच्या आत ताईचा चेहरा वहीत लिहायचा. हुबेहूब. एकही चूक नको, जे लिहीन तेच तिला राहील. म्हणून आधी इथे, माझ्या रोजनिशीत, कच्चं —

काकांनी दालनाच्या दाराला आतून खुर्ची लावली आहे. ते चित्राकडे बघून मला सांगताहेत, कितपत वळली. अर्धी.

कपाळ रुंद. डाव्या भुवईत खंड, पडली होती तेव्हाचा. नाक आईसारखं. — आईचं कसं होतं? सरळ. शेंडा किंचित खाली.

काका म्हणतात, लवकर.

ओठ पातळ. वरच्या ओठावर तीळ. उजवीकडे — नाही, माझ्या उजवीकडे, म्हणजे तिच्या —

तिच्या डावीकडे. खात्री आहे. होती.

काका आता काही सांगत नाहीत. मी वर बघणार नाही. बघितलं तर तेच लिहीन.

हनुवटी लहान. डोळे

वीस वर्षं रोज तिच्यासमोर बसून जेवलो. डोळे

डोळे मोठे, आणि रंग