पाण्यातला संत

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय दादा,

येशूची कृपा तुझ्यावर असो आणि तिकडचं जेवण तुला मानवत असो. इकडे ठीक चाललंय. दुकानात गणवेशांची घाई आहे, दिवसभर मशीन मारून पाय सुजतात. मालक कापडाचा नवा गठ्ठा आणून टाकतो आणि वर विचारतो, दमलात का?

आई बरी आहे. म्हणजे खाते थोडंफार. मागच्या आठवड्यापासून ती उठत नाही, म्हणून खाट खिडकीपाशी ओढली. डॉक्टर येऊन गेले. आता ते औषधं बदलत नाहीत.

तुला आवडणार नाही, तरी लिहिते. हरवलेलं शोधून देणारा आपला लाकडी संत अजून मोरीतल्या बादलीतच आहे, गळ्यापर्यंत पाण्यात. आजीच्या माहेरी पाऊस लांबला की देवाला असंच पाण्यात ठेवायचे. पुढे घराणं ख्रिस्ती झालं, देव बदलला, पण त्याला वेठीला धरायची सवय काही सुटली नाही. तू फादर झालास आणि तुझी लांबच्या चर्चमध्ये बदली झाली तेव्हा आईने संताला बादलीत बसवून बजावलं, "माझा मुलगा घरी आण, मग काढते." तू फोनवर चिडलास. ही विटंबना थांबल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही म्हणालास. ती म्हणाली, "मग बसू दे त्याला." दोघं एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे हट्टी. तरी रोज संध्याकाळी बादलीशेजारी मेणबत्ती लावून ती माळ जपायची, आणि पाणी फार गार असलं तर त्याची माफीही मागायची.

परवा तिने मला जवळ बोलावलं.

"संताला बाहेर काढ. पुसून वर ठेव. फादरना कळव, मी हरले. मग तरी येतील."

दादा, तिने पोटच्या मुलाला अहोजाहो केलं. मला तिच्याकडे बघवेना.

मोरीत जाऊन आले आणि काढला म्हणून सांगितलं. तिने डोळे मिटले. पण मी काढलेला नाही. या प्रकाराला मी किती हसायचे, तुला माहीत आहे. पाण्यात हात घातला आणि वाटलं, याला काढलं तर तिची आशाच संपेल. मला भीती वाटली.

तेव्हा तुझी अट पुरी झालेली नाही, आणि मी ती करणारही नाही. आई आता फार दिवसांची सोबती नाही. इथले फादर अखेरचा तेलाचा संस्कार करून गेले. तिने निमूट करून घेतला, पण डोळे दाराकडे होते.

संत पाण्यात असतानाच ये. तुझ्या हातांनी त्याला बाहेर काढ, आणि हात न पुसता तिच्या कपाळावर क्रूस कर. मग मला काय रागवायचं ते रागव.

संतालाही मी हेच बजावलं आहे.

तुझी धाकटी