पलसाण्याचं माहेर

फुई, आज आखाजी आहे, अक्षय्य तृतीया. मी रजा घेऊन घरी बसले आहे आणि करण्यासारखं काही नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तू जाऊन सहा वर्षं झाली. तसंही तुला वाचता येत नव्हतं. माझे मेसेज तुझा मुलगा वाचून दाखवायचा. हे मी त्याला दाखवणार नाही.

गोडादऱ्यात आमची खोली तुझ्यापासून तीन गल्ल्यांवर. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की मी तुझ्याकडे, पप्पांच्या बहिणीकडे. तू दारात बसून साड्यांचे सुटलेले धागे कापायचीस. माझा अभ्यास घेताना, शेजारणीशी बोलताना, भात शिजेपर्यंत, तुझी कात्री चालूच. एकदा मी बेरीज चुकवली तर मान वर न करता म्हणालीस, पुन्हा कर. आकडे न वाचता तुला ती चुकल्याचं कसं कळलं, हे मी अजून शोधते आहे. बहुतेक माझ्या आवाजावरून.

आखाजीला मात्र तू कात्री फळीवर ठेवायचीस आणि पिशवी भरून निघायचीस. समोरची गुजराती बाई दर वर्षी विचारायची, कुठे चाललात? तू सांगायचीस, माहेरला. ती हसायची, कारण ते माहेर तीनच गल्ल्यांवर आहे हे तिला माहीत होतं. पप्पा त्या दिवशी लूमवर जात नसत. आंबे स्वतः पिळत, छताच्या पाइपाला दोर बांधून तुझ्यासाठी झोका करत. तू पाणी घ्यायला उठलीस तरी त्यांना राग यायचा. तू रसात साखर कमी आहे म्हणून चिडवायचीस, ते डबा आपटत साखर आणायचे. दुपारभर झोक्यावर बसून तू गाणी म्हणतेस आणि पप्पा भिंतीला टेकून ऐकतात. संध्याकाळी ते तुझी ओटी भरतात, खण देतात, आणि तू तीन गल्ल्या रडत जातेस. मला ते नाटक वाटायचं.

पप्पा गेल्यावर मी ती खोली सोडली. पलसाण्याला डाईंग मिलच्या लॅबमध्ये लागले होते, तिथेच दोन खोल्या घेतल्या. माझं काम शेड जुळवण्याचं. पार्टीने पाठवलेला तुकडा आणि आमचा रंग यांत जो फरक राहतो तो काढायचा. मला ते जमतं, आणि तिथे कुणी फार बोलत नाही.

पुढच्या आखाजीला सकाळी दार वाजलं. तू पिशवी घेऊन उभी होतीस, घाम पुसत, दोन रिक्षा बदलून आलेली. मी म्हटलं, आज एक शेड अडकली आहे, मला जावंच लागेल. तू मान हलवलीस. किल्ली तुझ्याकडे ठेवून मी गेले ती संध्याकाळी साडेसातला आले. तू खाटेवर बसली होतीस. ओट्यावर सकाळचा कप तसाच, गॅस थंड. तुझे हात मांडीवर होते, रिकामे. मी ते कधी रिकामे पाहिले नव्हते. आणि मी म्हणाले, "कुकर तरी लावायचास, फुई."

तू रागावली नाहीस. अगदी सरळ सांगितलंस, "माहेरले येल शे मी. माहेरले कोणी काम करस का, माय?"

मी खाली जाऊन खमण आणलं. तू ते खाल्लंस आणि चांगलं आहे म्हणालीस. सकाळी निघताना चप्पल घालून झाल्यावरही तू दारात थोडी थांबलीस. मी दिवसाला हजारो मीटर कापड पाहते. माझ्या कपाटात नमुन्यांचे किती तुकडे पडलेले असतात. मी तुला खण दिला नाही. रिक्षा आली तेव्हा पिशवी उचलून म्हणालीस, "चाल माय, येस मी." दिवाळीनंतर तू गेलीस. आखाजीच्या त्या दिवशी तू फक्त थकली होतीस, असं तुझा मुलगा सांगतो.

तुझ्या घरचे आज तुझ्या नावाने घागर भरतील. मला बोलावलं होतं. मी जाईन असं सांगितलं आणि गेले नाही.

फुई, त्या दिवशी कुठलीच शेड अडकली नव्हती. साहेब दुपारी स्वतः म्हणाले होते की तुमचा सण आहे, घरी जा. मी लॅबमध्ये बसून आधीच पास झालेले तुकडे पुन्हा पुन्हा दिव्याखाली धरत राहिले. तू का आली आहेस ते मला दार उघडल्याबरोबर कळलं होतं. पण पप्पांच्या जागी आंबे मी पिळले असते, तर पप्पा गेले हे माझ्या घरात पहिल्यांदा खरं झालं असतं.