दगडातली लाल रेघ

दसरा, संध्याकाळ. बुऱ्हाणपूर.

सकाळी आईने पाटावर बाबांचा केळीचा विळा मांडला, भावाचे पाने-पेचकस मांडले आणि माझ्या टेबलावरचा लडाखचा दगडही उचलून शेजारी ठेवला. वर ओलं हळदीकुंकू! "तुझं औजार हेच ना गं? मग त्याची पूजा नको?" माझं तोंड बघून म्हणाली, "खराब नाही ना होत?"

"नाही," म्हटलं. साफ खोटं.

तो दगड जमिनीच्या खूप खोलातला. त्याच्याखाली समुद्राचा तळ बुडत गेला, त्यातून निघालेलं पाणी शिसं घेऊन याच्यात शिरलं, असं मी प्रबंधात लिहितेय; कारण याच्या एका टोकाला शिसं भरपूर, दुसऱ्याला नावापुरतं. गाईड म्हणतात, लॅबची चूक असेल, परत मोज. मोजायला एवढाच तुकडा उरलाय. आणि बाजारच्या कुंकवात शिसं असू शकतं. रडूच यायचं बाकी होतं.

दुपारी ब्रशने घासला. सगळं गेलं, एक लाल रेघ राहिली. केसाएवढी भेग, मला कधी दिसलीच नव्हती. शिशाच्या टोकाकडून निघते, मध्येच संपते. माझ्याच हातोड्याची तर नाही? भिंगाखाली धरला. रेघेच्या दोन्ही कडांना हिरवट पट्टा आहे; खोलात पाणी मुरलं की हा दगड असाच हिरवा पडतो. म्हणजे जुनीच, पाण्याचीच वाट! दुसऱ्या टोकापर्यंत ती पोचलीच नाही, म्हणून तिकडे शिसं नाही.

लाल रेघ तेवढी टाकून द्यायची. बाकी कुठून कापत, मोजत जायचं ते आता दिसतंय: रेघेच्या कडेपासून दूर दूर.

चहा देताना आईने परत विचारलं, "खराब नाही ना झाला?"

"नाही," म्हटलं. या वेळी खरं.