बंद शटरमागची गाडी

४ फेब्रुवारी

बाईंची गाडी आली सर्व्हिसला. नववीपर्यंत मला शिकवलं त्या बाई. पुढे मी शाळाच सोडली, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ अडलं की अजून त्यांचा चेहरा समोर येतो. आत्ताही येतोय.

त्यांचे मिस्टर मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून गाडी उभीच — घराखालच्या खोलीत, शटर ओढून. बाईंना चालवता येत नाही. गॅरेज मामाचं, तोच जाऊन घेऊन आला. चावी माझ्याकडे फेकत म्हणाला, "हे घे डॉक्टर, तुझ्या बाईंची हायब्रिड. उभी गाडी आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक बघ आणि मोकळा हो. उगाच खोलात शिरू नकोस."

शिरलो!

ऑइल काळंकुट्ट निघालं. पेट्रोलचा वास. मागच्या सर्व्हिसनंतर गाडी जेमतेम चाललीय, मग ऑइल काळं कसं? हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि मोठी बॅटरी, दोन्ही. मागच्या सीटपाशी त्या बॅटरीच्या पंख्याची जाळी असते, गाडीतलीच हवा ओढून तो पंखा बॅटरी गार ठेवतो. जाळी काढली. धुळीने गच्च, आणि त्यात लांब पांढरे केस.

कोणीतरी गाडीत बसतंय. नुसतं बसतंय.

मामाला दाखवलं. "तू मेकॅनिक आहेस का मांत्रिक?" म्हणाला आणि चहाला गेला.

५ फेब्रुवारी

उभ्या गाडीचं इंजिन चालवतं कोण? दिवसभर हेच. एका टॅक्सीचं चाक बसवताना नट तीनतीनदा तपासले, तरी घरी येताना वाटलं, एक राहिला.

६ फेब्रुवारी

गाडी पोचवायला मीच गेलो. ती खोली पहिल्यांदा आतून पाहिली. खिडकी नाही. भिंतीवर मिस्टरांची हत्यारं ओळीने टांगलेली, एकही वाकडं नाही. ते सर्व्हिसला यायचे तेव्हा हात मागे बांधून उभे राहायचे आणि जुना फिल्टर बघायला मागायचे. बोलायचे कमी, खाकरायचे फार.

बाई कपाळ चेपत बसल्या होत्या. "सकाळी डोकं जड असतं रे. मळमळतं. वय झालं." मग जरा थांबून — "एक सांगू? हसायचं नाही."

"नाही हसणार, बाई."

"संध्याकाळी मी खाली जाऊन गाडीत बसते. ह्यांच्या जागेवर. शिकवलं होतं तसं ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबते. दिवे लागतात, गार हवा येते. आवाज काही नाही. मी आपली दिवसभराचं सांगत बसते. आणि थोड्या वेळाने हे येतात."

"कोण?"

"हे रे! मी कशाला हात लावत नाही हं. इंजिन आपणहून सुरू होतं. जरा गुरगुरतं, थांबतं. पुन्हा गुरगुरतं. तसंच बोलायचे ना हे, मध्येच एवढंसं."

"आणि शटर?"

"खालीच असतं. बाहेर ऐकू गेलं तर लोक म्हणतील, बाईंना वेड लागलं."

मला सगळं कळलं. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता, शाळेत निकाल वाचताना असायचा तसा. निघताना एवढंच म्हटलं, "शटर वर राहू दे बाई." तर हसल्या. "आणि चोर शिरले म्हणजे?"

घरी आलो. जेवण गेलं नाही. आत्ता त्या खाली बसल्या असतील.

७ फेब्रुवारी

सकाळीच मामाला सांगितलं. हातातला पाना खाली ठेवला त्याने. या वेळी हसला नाही.

"आणि तू काल गप्प बसून परत आलास?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"उद्या बाईच राहिल्या नाहीत तर वाईट कोणाला वाटणार, गाडीला? ऊठ! आत्ताच्या आत्ता जा."

गेलो. बाई जिवंत होत्या. दार उघडायला वेळ लागला तेवढ्यात मी तीनदा बेल दाबली होती.

सगळं सांगितलं. बटण दाबलं की गाडी चालूच असते, फक्त गप्प असते. बॅटरी उतरली की इंजिन स्वतःच सुरू होतं, भरली की बंद. बंद खोलीत तो धूर साठतो. त्यातलं जे जीव घेतं त्याला वास नसतो. सकाळचं डोकं त्यानेच जड होतं.

बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही.

"म्हणजे हे नव्हते."

"नाही, बाई."

"बॅटरी होती."

"हो."

"नीट समजावलंस. शाबास."

मग म्हणाल्या, "आता एवढं सांग. इंजिन सुरू झालं की शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून लाल दिवा लागतो. इंजिन थांबलं की विझतो. त्या सीटवर मी पर्ससुद्धा ठेवत नाही. तीही बॅटरीच का?"

मी म्हटलं, तपासून सांगतो.

"तपास. मात्र खरं सांग. तोवर मी बसणार."

"मग शटर तरी —"

"ह्यांना उघड्यावर कधी बोलता आलंय!"

चावी टेबलावर होती. मी उचलली. गाडी तपासायला न्यावीच लागेल, म्हटलं, आणि घेऊनच आलो.

८ फेब्रुवारी

सीट उतरवली. खालची तार, जोड, वजन ओळखणारी गादी — सगळं ठीक. सीटवर हत्यारांची पेटी ठेवली, दिवा लागला. उचलली, विझला. इंजिन सुरू करून, बंद करून, पुन्हा सुरू करून पाहिलं. रिकाम्या सीटला दिवा लागत नाही.

दोष सापडला असता तर किती बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी

पुन्हा तपासलं. काही नाही. मामा म्हणाला, "अरे, एकट्या बाईमाणसाला दिसतं काहीबाही. सोड आता." पण बाईंना काहीबाही दिसत नाही. सबंध वर्गात कोण पुटपुटलं हे पाठमोऱ्या उभ्या राहून ओळखायच्या त्या.

१० फेब्रुवारी

बाईंचा फोन. "सापडलं?"

खरं सांगितलं असतं तर गाडी परत मागितली असती. शटर ओढून बसल्या असत्या.

म्हणालो, "हो बाई. सीटखालची तार सैल होती. आवळली. आता नाही लागणार दिवा."

 

"बरं. मग राहू दे ती तिकडेच. मामाला म्हणावं, गिऱ्हाईक बघ."

बाईंशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो. गृहपाठ केला नसला तर केला नाही म्हणून सांगायचो आणि उभा राहायचो.

१३ फेब्रुवारी

मामाला बाई रस्त्यात भेटल्या. डोकं दुखायचं थांबलंय म्हणे. मळमळ गेली. "पण काय रे," मामा म्हणाला, "त्या माझ्याशी बोलत होत्या आणि बघत होत्या भलतीकडेच."

१५ फेब्रुवारी

उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून गाडी एक फेरी मारायला काढली. मी एकटाच. चौकात थांबलो तेव्हा इंजिन आपणहून सुरू झालं — आणि शेजारच्या सीटचा लाल दिवा लागला. सीट रिकामी. गाडी कडेला घेतली. वाट पाहिली. विझेना. शेवटी हात लांब करून तिकडचा पट्टा ओढला आणि लावला. विझला. सगळ्या काचा खाली केल्या आणि खरं सांगायला गाडी बाईंच्या घराकडे वळवली.