मालनबाईच्या कुरकुरीचा हक्क

मी, किशनराव लक्ष्मणराव वाव्हळे, वय एकाहत्तर, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त मेकॅनिक, राहणार सोनपेठ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, कोणाची फूस नाही. संताप मात्र आहे, आणि संतापात लिहिलेला दस्त रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतलं आहे.

कलम एक. सोनपेठ येथील माझं स्वकष्टाचं घर, ज्याच्या पूर्वेस रस्ता आणि दक्षिणेस परमेश्वर कदम यांची भिंत आहे, ते माझ्या पश्चात पत्नी मालनबाई हिच्या एकटीच्या मालकीचं राहील. मुलगा नागेश याने त्यात हक्क सांगू नये. का, ते लिहिणं भाग आहे.

नागेश परभणीत सकारात्मक विचारांचे वर्ग घेतो. घेवो बापडा. पण उन्हाळ्यात सुनेला घेऊन इथं राहायला आला आणि स्वयंपाकघरात पाटी ठोकली: "येथे तक्रारीला बंदी आहे." कोणी कुरकुर केलीच तर त्याने लगेच हसून "मी मजेत आहे" म्हणायचं. आता मालनबाईची कुरकुर लग्नापासूनची. गुडघे, गॅस, नळाचं पाणी, शेजारच्या कोंबड्या आणि मी. त्या कुरकुरीवरूनच मला घरातलं सगळं कळायचं. इंजिनाचा आवाज बंद झाला म्हणजे गाडी सुधारली, असं समजणारा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही. तो माझ्याच पोटी निघाला.

लेकाचा शब्द म्हणून ती गप्प झाली. एका सकाळी ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. काय झालं विचारलं तर हसली. "काई न्हाई. मी मजेत हाय." नागेश मला म्हणतो, "बघा बाबा, आई किती बदलली!" सून शुभदा हिने मात्र हात धरून पाहिला. हात गार, अंग घामाने भिजलेलं.

"आत्याबाई, कुठं दुखायलंय?"

"छातीत. कालपासून. पन सांगायचं न्हाई ना."

परमेश्वरच्या जीपमधून परभणी गाठली म्हणून ती वाचली. दवाखान्याच्या पायरीवर मी दोन शब्द चढ्या आवाजात बोललो, तर चिरंजीव म्हणतात, "बाबा, निगेटिव्ह बोलू नका." अरे, तुझी आई आत होती!

पाटी मी त्याच दिवशी उखडली. पण मालनबाई घरी आली ती मुकीच. भाजी करपली तरी हसते. उद्या मी गेलो, तर हिला बोलतं कोण करणार? मला दुसरी कसलीच भीती नाही.

कलम दोन. सबब या घरात मालनबाईला कुरकुर करण्याचा, रडण्याचा आणि शिव्या देण्याचा पूर्ण हक्क राहील. नागेशने दर बाजाराच्या दिवशी यावं, तिच्यासमोर बसून ऐकावं, मधे उपदेश करू नये. तिच्या पश्चात घर कोणाला द्यायचं, ते त्याचं ऐकणं बघून तिने ठरवावं.

कलम तीन. माझे सगळे पाने व हत्यारं शुभदाला. बिघाड कुठं आहे ते हात लावून बघायची अक्कल त्या घरात तिलाच आहे. जॅक साडू गोपाळने नेला तो नेलाच. आता राहू द्या त्याच्याकडे, पण मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याने माझ्या दिलदारपणावर भाषण करू नये.

कलम चार. उखडलेली पाटी नागेशला. पुण्यानुमोदनाला माईक त्याच्याही हातात देऊ नये. मालनबाईला "रडू नका" म्हणणाऱ्याला जेवू घालून लगेच वाटेला लावावं.

मी रडका माणूस नाही, हेही नोंदवतो. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या चालू करण्यात माझा जन्म गेला. गाडी चालू होणार, हे धरूनच मेकॅनिक बॉनेट उघडतो. पण उघडतो ना, लेका!

सही करणार तेवढ्यात घडलं ते जोडतो. साक्षीदार बसलेले असताना मालनबाई चहा घेऊन आली आणि कागद बघून ट्रे आदळला. "मरायची लय घाई झाली का? माझे गुडघे ठणकायलेत, दूध नासलंय, अन् हे मानसं गोळा करून बसलेत! कप कोन धुनार?"

मला डोळे पुसावे लागले. म्हणालो, "पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हनू? कान बी गेले का?"

हे साक्षीदारांनीही ऐकलं आहे. मृत्युपत्र कायम आहे. मात्र ते लवकर अमलात यावं, अशी माझी आता बिलकूल इच्छा नाही.

सही: किशनराव लक्ष्मणराव वाव्हळे

साक्षीदार:
परमेश्वर माणिकराव कदम, शेती, सोनपेठ
धम्मानंद नागसेन खंदारे, शिक्षक, सोनपेठ
(समक्ष सही केली. कपही आम्हीच धुतले.)

ठिकाण: सोनपेठ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४